हैद्राबादची पळी

“कुठंय ती एक पळी? दाखव ना मला. कुठंय?”

शेठजी ओरडत होते आणि जालन्याचा मोंढा, म्हणजे सगळा धान्यबाजार, ऐकत होता. मी मुळात दहा माणसं असली तर शंभर सांगणारा माणूस. पण त्या सकाळी आमच्याभोवती खरोखरच शंभर माणसं असावीत, आणि ती दहाच असावीत असं मला मनापासून वाटत होतं. हमाल पाठीवरचं पोतं तसंच पेलून जागच्या जागी थांबले होते. आमच्या तुरीच्या उघड्या पोत्यांजवळ लिलाव पुकारणारा माणूस आकडा तोंडात धरून उभा होता. शेठजींच्या हातात परखी होती, म्हणजे पोत्यात खुपसून आतला माल बाहेर काढायची टोकदार लोखंडी नळी. ती त्यांनी माझ्या छातीवर रोखली होती.

“पाटील, इचारा तुमच्या या साहेबाला,” ते आबांकडं वळले. आबा म्हणजे माझे वडील. “तिथं वेगळं रसोडं हाय. सैपाकी महाराज नागौरचा हाय, आमच्याच मुलखाचा. मी खुद पाटावर बसून जेवून आलो. कांदा न्हाई, लसूण न्हाई, दिवस बुडायच्या आत चूल बंद. आन् हा माझ्या गादीवर बसून सांगतो की पळी एकच हाय. मटनात बी तीच आन् वरणात बी तीच!”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी तुरीकडं पाहिलं.

एका पळीवरून एवढा आरडाओरडा का, हे सांगायचं तर आठ महिने मागं जावं लागतं. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. आम्ही केदारखेड्याचे शेतकरी. आजोबांच्या वेळेपासून आमचा माल जालन्यात शेठजींच्याच आडतीवर विक्रीला यायचा. शेठजींचं घराणं मूळ राजस्थानचं, जैन, पण चार पिढ्या जालन्यात काढल्यामुळं मराठी आमच्यापेक्षा झणझणीत. त्यांच्या दुकानात एक रीत होती. पांढऱ्याशुभ्र गादीवर शेठजी आणि व्यापारी बसत. माल आणणारा शेतकरी समोरच्या बाकावर, नाहीतर स्वतःच्याच पोत्यावर. कुणी तसा नियम लिहून ठेवला नव्हता, पण आजोबा बाकावर बसले, आबा बाकावर बसले. आणि गादीवर बसून एकदा शब्द दिला की तो फिरवायचा नाही, हीसुद्धा तिथलीच रीत. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरला की पुढं कागद लागत नसे.

आता माझं सांगतो. औरंगाबादला इंजिनिअरिंग करून मी हैद्राबादच्या एका विद्यापीठात क्वांटिटेटिव्ह फायनान्स नावाच्या दोन वर्षांच्या कोर्सला लागलो होतो. हे नाव आमच्या गावात कुणाला धड उच्चारता येईना, त्यामुळं माझा भाव आपोआपच वाढला. मी सांगत असे की आमच्या वर्गात एसी इतका कडक असतो की पेनातली शाई गोठते, म्हणून आम्ही पेन काखेत धरून बसतो. मी सांगत असे की सोयाबीनचा पुढल्या हंगामातला भाव मी आत्ता काढू शकतो, पण सरकारनं आम्हा पोरांकडून न सांगण्याची सही घेतली आहे. एका परदेशी बँकेचा माणूस माझ्यासाठी सिकंदराबाद स्टेशनवर हार घेऊन उभा होता आणि मी मागच्या दारानं निसटलो, हे मी पारावर इतक्या वेळा सांगितलं की शेवटी शेवटी मला त्या हारातली फुलंसुद्धा आठवायला लागली.

खरं काय होतं, तेही लिहितो. पहिल्या तासाला सरांनी एक नाणं हवेत उडवलं. छापा की काटा, इथपर्यंत मला समजलं. मग त्यांनी फळ्याकडं तोंड केलं, आणि तास संपेपर्यंत नाणं गायब झालं होतं, नुसती ग्रीक अक्षरं उरली होती. ते नाणं मला वर्षभर पुन्हा सापडलं नाही. मे महिन्यात निकाल लागला. संभाव्यतेच्या दोन पेपरांत मी आपटलो होतो. पहिलं वर्ष पुन्हा करायचं होतं. पास-नापासांची यादी नंबरानिशी विद्यापीठाच्या वेबसाइटवर लागली. नावं नव्हती, ही मी देवाची कृपा मानली. घरी येताना गाडीत जालना येईपर्यंत मी ठरवून टाकलं की ही गोष्ट हैद्राबादेतच पुरायची. आणि गावात उतरलो ते गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र घालून. निळ्या फितीचं, माझा फोटो आणि खाली ठळक आकड्यांत नंबर असलेलं. ते घालूनच मी शेतात जायचो, सलूनमध्ये बसायचो, भोकरदनच्या बाजाराला जायचो.

त्याच उन्हाळ्यात शेठजींचा निरोप आला, की साहेबाला दुकानावर पाठवा, जल्दी.

शेठजींच्या दुकानात तेव्हा नुकताच वायद्याचा कॉम्प्युटर आला होता. हरभऱ्याचा, सोयाबीनचा पुढच्या महिन्यांचा भाव पडद्यावर हिरवा-लाल होत राहायचा. शेठजी तो पाहून वैतागायचे आणि त्यांची मुलगी तो पाहून वहीत काहीतरी मांडायची. ती माझ्याहून वर्षानं लहान. जालन्यातच गणितात बीएस्सी झालेली. अकरावी-बारावीला आम्ही एकाच शिकवणीला होतो, आणि सरांनी फळ्यावर घातलेलं गणित सरांच्या आधी तिचं सुटायचं. यात माझी कसलीही भर नाही. मला ‘भैया’ म्हणायची, राखीला दुकानातून आठवणीनं राखी पाठवायची.

तिनं दोन ठिकाणी अर्ज केले होते आणि दोन्हीकडं तिचं नाव लागलं होतं. एक माझाच हैद्राबादचा कोर्स. वीसच जागा, प्रवेश परीक्षा देऊन. ती माझ्यापेक्षा कितीतरी वरच्या नंबरानं आली होती. दुसरा पुण्यातल्या एका नव्या खाजगी संस्थेचा, एक वर्षाचा. तिथं परीक्षा नव्हती, फॉर्म भरला की झालं. पण त्यांचं माहितीपत्रक असं गुळगुळीत की माशी बसली असती तर घसरून पडली असती. वर काचेच्या उंच इमारतीचा फोटो. शेठजींना मुलीला शिकवायचं होतं, ही त्या काळात त्यांच्या भाऊबंदांत साधी गोष्ट नव्हती. फक्त कुठं पाठवायचं, एवढाच प्रश्न होता.

मी दुकानात पाय ठेवला आणि शेठजी म्हणाले, “वर या, साहेब. इथं बसा.”

गादीवर. मी चप्पल काढली आणि आमच्या घराण्यातला पहिला माणूस म्हणून त्या गादीवर बसलो. आबा माझ्याबरोबर आले होते. ते सवयीनं बाकावर बसले आणि माझ्याकडं असे पाहू लागले जसं काही मी दिल्लीच्या तख्तावर बसलोय. तो क्षण नसता, तर मी कदाचित खरं बोललो असतो. असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आता तेही खरं वाटत नाही. कारण गादीवर बसायच्या आधीच, ‘हैद्राबाद’ हा शब्द ऐकल्याबरोबर, मी मनात हिशोब सुरू केला होता. ती हैद्राबादला आली तर जुलैत पहिल्या वर्षाच्या वर्गात बसणार. आणि तिच्या शेजारच्या बाकावर मी. दिवाळीपर्यंत मोंढ्याला कळणार, आणि मोंढ्याला कळलं की बैलगाडीच्या आधी केदारखेड्याला कळणार.

ती आतून चहा घेऊन आली. काखेत वही होती. ती तिनं माझ्यापुढं उघडून ठेवली. पट्टीनं रेघा मारून दोन रकाने पाडलेले, एक हैद्राबाद आणि एक पुणे. बाजूला कोणते विषय, शिकवणारे कोण, आधीची मुलं कुठं लागली, पहिल्या वर्षाचा निकाल. हैद्राबादच्या रकान्यात बारीक अक्षरांत पुष्कळ काही भरलेलं, मधे घडी केलेला एक छापील कागद. पुण्याचा रकाना बराचसा कोरा, दोन ठिकाणी प्रश्नचिन्ह. इतकी नीट मांडणी मी माझ्या प्रोफेसरांचीही पाहिली नव्हती. मी त्या वहीवर माझी बशी ठेवली.

“भैया,” तिनं विचारलं, “पहिल्या वर्षाला किती जण नापास होतात?”

“होतात दोन-चार,” मी म्हणालो. “ज्यांना झेपत न्हाई ते.”

तिनं माझ्या छातीकडं पाहिलं. मला वाटलं, ओळखपत्राचं कौतुक करते आहे. म्हणून मी ते जरा सरळ केलं.

मग मी बोलायला लागलो. मी हैद्राबादला नावं ठेवली नाहीत, एवढा मी कच्चा नव्हतो. मी हैद्राबादचं कौतुक केलं, पण असं की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. अभ्यास इतका, की एक मुलगा भिंतीवर गणितं लिहीत लिहीत जिन्यानं गच्चीवर पोचला. पुण्याचं मात्र मी सहज, जाता जाता सांगितलं. आमचे सरच म्हणतात की आता जमाना पुण्याचा आहे. आमच्या सरांनी पुण्याचं नावही कधी काढलं नव्हतं.

शेठजी ऐकत होते, पण हलत नव्हते. परखी मांडीवर ठेवून तिच्यावरून अंगठा फिरवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “जेवणाचं कसं काय तिथं?”

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं, आणि आला तेव्हा दार सताड उघडं दिसलं.

“शेठजी,” मी आवाज खाली आणला, “तुमच्यापासून काय लपवायचं. पळी एकच हाय.”

“म्हंजे?”

“म्हंजे मटनाच्या पातेल्यात फिरवतात, न् तीच काढून वरणात घालतात. मी तर सहा महिने केळ्यांवर काढले.”

शेठजींनी हातातला चहा खाली ठेवला. ती म्हणाली, “पण पप्पा, कागदावर लिहिलंय, वेगळं रसोडं हाय म्हणून.” शेठजींनी तिच्याकडं न बघता मान हलवली. “कागद कुणी बी छापतो. हा तिथं जेवून राह्यला.” मग त्यांनी हैद्राबादचं प्रवेशाचं पत्र घडी घालून गादीखाली सारलं. “पुणं बराबर हाय.”

आता खरं सांगतो. त्या विद्यापीठात शाकाहारी मुलांसाठी वेगळं स्वयंपाकघर होतं. वेगळी इमारत, वेगळी भांडी, वेगळं पाणी. महाराजांच्या हातचा फुलका असा फुगायचा की खिडकी उघडी असली तर उडून जाईल अशी भीती वाटायची. हे मला माहीत असण्याचं कारण असं, की मी वर्षभर तिथंच जेवत होतो. मी मटण खाणारा माणूस, पण तिथलं जेवण चांगलं म्हणून रोज त्या पंगतीत घुसायचो. ती खोटी पळी बोलताना माझ्या पोटात त्याच स्वयंपाकघरातलं अन्न जिरलेलं होतं.

शेठजी मालाच्या बाबतीत फसणारे नव्हते. शेतकरी पोत्यात वरच्या थराला निवडक दाणा ठेवतात आणि खाली कचरा, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. म्हणून त्यांची परखी नेहमी तळापर्यंत जायची. आमच्या पोत्यांत मात्र ते वरवरच खुपसत. तीन पिढ्यांत आमच्या पोत्यात खाली वेगळं आणि वर वेगळं निघालं नव्हतं. माझ्या बाबतीतही त्यांनी तेच केलं. पाटलाचं पोरगं, म्हणून वरच्यावर.

ती पुण्याला गेली. काचेची इमारत रस्त्याच्या पलीकडं होती. संस्थेच्या खिडकीतून ती छान दिसायची. संस्था म्हणजे तीन खोल्या. हे मला नंतर कळलं. शिकवायला येणारे सर कुठूनतरी काढलेल्या झेरॉक्स वाचून दाखवायचे आणि तिनं प्रश्न विचारला की उद्या सांगतो म्हणायचे. दिवाळीच्या आधी एक दिवस ती गेली तर दाराला कुलूप. हैद्राबादची तिची जागा तोपर्यंत पुढच्या कुणालातरी गेली होती. शेठजी तिला घेऊन आले आणि आता बास म्हणाले. एवढ्या उशिरा, एवढी शोभा झाल्यावर, दुसऱ्यांदा तिला कुठं पाठवायचा धीर त्यांना झाला नाही, की भाऊबंदांनी होऊ दिला नाही, मला ठाऊक नाही.

डिसेंबरात हैद्राबादेत त्यांच्या नात्यातलं लग्न निघालं. शेठजी माझ्यासाठी मिठाईचा डबा घेऊन हॉस्टेलवर आले. बिचारा केळ्यांवर दिवस काढतोय म्हणून. मी तेव्हा वर्गात होतो, पहिल्या वर्षाच्या. दरवानानं त्यांना त्यांच्या पेहरावावरून थेट महाराजांकडं पाठवलं. महाराजांनी आपल्या मुलखातला माणूस म्हणून पाट मांडला, वाढलं, आणि जालन्याच्या मुलाचं नाव काढताच हसून सांगितलं की तो रोज इथंच जेवतो, फुलके मोजत नाही, यंदा पहिल्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलाय. शेठजी मला न भेटता परत गेले. डबासुद्धा परत नेला.

संक्रांतीला मी गावी आलो, आबांबरोबर तुरी घेऊन मोंढ्यात गेलो, आणि पुढचं तुम्ही वाचलंच आहे.

शेठजींचा आवाज बसेपर्यंत ते ओरडले. माझ्या नापास होण्याचा विषय मात्र त्यांनी शंभर माणसांत एका शब्दानंही काढला नाही. त्या वेळी मला ती माझी सुटका वाटली. शेवटी ते आबांसमोर आले आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. “पाटील, माझी पोरगी वाया गेली.” आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ती तशीच हातात धरून ते आमच्या तुरीच्या पोत्यांपाशी गेले आणि एकेक पोतं परत शिवायला लागले. तीन पिढ्यांची ती आडत आबांनी त्या दिवशी सोडली. शेठजींनी कधी सोडा म्हटलं नाही. पुढं आबा माल भोकरदनला न्यायला लागले, आणि कुणी विचारलं की म्हणायचे, तिकडचा रस्ता बरा झालाय.

मी दोन वर्षांचा कोर्स तीन वर्षांत काढला. एका बँकेत लागलो, जिथं मी काढलेले आकडे दुसरे लोक तपासतात आणि दुसऱ्यांनी काढलेले मी. आणि एक गोष्ट लिहायला फार जड जातेय. त्या पळीची गोष्ट मी बँकेतल्या मित्रांना गंमत म्हणून सांगत असे. माझी सगळ्यात यशस्वी गोष्ट होती ती. महाराजांचा फुलका, शेठजींची परखी, मिठाईचा डबा. लोक डोळे पुसेपर्यंत हसायचे. त्यात शेठजींची मुलगी कुठंच नसायची. पळीची गोष्ट तिच्याशिवाय छान चालते, हे मला फार लवकर कळलं होतं.

चार-पाच वर्षांनी जालन्यात आलो तेव्हा तिच्याकडं गेलो. तिच्या शिकवण्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चालायच्या, त्याच मोंढ्यात. बारावीची मुलं बाहेर पडत होती. ती फळा पुसत होती. फळ्यावर एक नाणं काढलं होतं, आणि त्याच्या खाली ओळीनं सगळं, एकही पायरी न गाळता. मी उभ्या उभ्या ते वाचलं. मला ते समजलं. सहा वर्षांनी पहिल्यांदा ते नाणं मला सापडलं, आणि तेवढ्यात तिनं तो भाग पुसला.

“बसा ना, भैया,” ती म्हणाली.

मी बसलो नाही. सवयीनं मी आधी काहीतरी फुगवून सुरू केलं, की बँकेत माझ्या टेबलापाशी रांग लागते वगैरे. ती ऐकत होती. मधेच मी ते अर्ध्यावर सोडलं. मग मी सगळं सांगितलं. पळी एकच नव्हती. मी नापास झालो होतो. तू माझ्या वर्गात बसू नयेस म्हणून मी बोललो. हे सांगताना मी काहीच वाढवलं नाही, त्यामुळं फार लवकर संपलं.

तिनं डस्टर खिडकीबाहेर झटकला. “नापासाचं मला माहीत होतं,” ती म्हणाली. “वेबसाइटवरची यादी माझ्या वहीत होती. नंबर तुमच्या गळ्यात होता.”

खाली मोंढ्यात कुणीतरी हरभऱ्याचा भाव पुकारत होतं. मला ती वही आठवली, घडी केलेला कागद, आणि त्याच्यावर मी ठेवलेली बशी.

“मंग तू तेव्हाच का न्हाई बोललीस?” मी विचारलं. “सगळे तर बसलेलो होतो आम्ही तिथं.”

“मला कुणी विचारलं न्हाई,” ती म्हणाली.